ट्रायकोकार्ड : साडेतीन स्टार, त्यातला अर्धा एका अळीमुळं

पहिल्यांदा सांगून टाकतो, उसाच्या खोडकिड्यावर मित्रकिडीचं जे कार्ड लावतात ते चालतंय. ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांनी इथंच थांबा आणि घेऊन टाका, फक्त पार्सलनं मागवू नका, स्वतः जाऊन आणा, का ते खाली येतंय. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, लांबणार आहे.

आमचं शेत निपाणीच्या खालच्या अंगाला, वेदगंगेच्या काठानं. आज्ज्याच्या वेळेला इथं सगळी तंबाखू, १९८१च्या तंबाखू आंदोलनात तो हायवेवर जाऊन बसलेला, घरात कुणी भाव पडल्याचं बोललं की अजून ते निघतंयच. आता तंबाखू वरच्या माळाला आणि पाण्याखाली सगळा ऊस. माझी दोन एकर सुरू लागण, म्हणजे हिवाळ्यात लावलेला ऊस, ८६०३२ जातीचा. मार्च लागला की पोंगेमर सुरू, म्हणजे खोडकिडा. कोवळा कोंब असतोय, मधला पोंगा वाळतो, धरून ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाला नाकात बसणारा घाण वास. दरवर्षी आम्ही काय करतो, दुकानदार देईल ते औषध आणतो आणि ओततो. गेल्या साली फवारून आल्यावर वाटेकरी मामांना चक्कर आली, दोन दिवस अंथरुणात, तेव्हा मी ठरवलं की यंदा दुसरं काहीतरी बघू. बी.एस्सी. झूलॉजी केलंय त्याचा आजवर काही उपयोग झाला नव्हता, म्हटलं निदान इथं तरी होईल.

आता कार्ड म्हणजे काय ते. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा जाड कागद, त्याच्यावर डिंकानं चिकटवलेले बारीक काळे दाणे, हात फिरवला तर खरखरीत. मामा कन्नड बोलणारे, त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "इदु येन्री, पालिश पेपरा?" खरंच सुताराकडच्या पॉलिश पेपरासारखंच दिसतं. ते दाणे म्हणजे अंडी, पण खोडकिड्याची नव्हेत. तांदळात जाळी करणारा पतंग असतोय बघा, त्याची. लॅबमध्ये तो पतंग ज्वारीच्या भरड्यावर वाढवतात, त्याची अंडी गोळा करतात, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरून आतला गर्भ मारतात आणि मग त्यावर ट्रायकोग्रामा सोडतात. ही एक गांधीलमाशीच, पण गांधीलमाशी म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतंय ते विसरा, लांबी अर्धा मिलिमीटर, डंख वगैरे काही नाही, फुलस्टॉपला पाय फुटल्यासारखी दिसते. ती त्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, आत तिची अळी सगळा बलक पिऊन टाकते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडं काळं पडतं. म्हणजे कार्ड काळं असेल तर माल चांगला, पांढरट पिवळट ठिपके जास्त असतील तर तेवढी अंडी फुकट. घेताना पहिल्यांदा हे बघायचं. एका कार्डावर १८ ते २० हजार अंडी असतात, उसाला हेक्टरी ५० हजार लागतात, म्हणजे साधारण एकराला एका वेळेला एक कार्ड, आणि असं दर १० दिवसांनी, चारसहा वेळा.

आता तक्रार. पहिला लॉट मी पार्सलनं मागवला. लॅबचं नाव घेत नाही, पार्सलवाल्याचंही नाही, कारण चूक कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही, दोघं एकमेकांकडं बोट दाखवत राहिले. माल एक दिवसात यायचा तो तिसऱ्या दिवशी आला, एप्रिलचं ऊन, पुठ्ठ्याचा बॉक्स, बर्फाची पिशवी पार पाणी होऊन गेलेली. पाकीट उघडलं तर आत प्लास्टिकला चिकटून बारीक काळी पूड. भिंग लावून बघितलं तर पूड नव्हती ओ, माश्या होत्या, बाहेर पडून मेलेल्या. हजारो. कार्डावरच्या अंड्यांना गोल गोल भोकं. कधी बाहेर पडणार ती तारीख पाकिटावर पेनानं लिहिलेली आणि ओलाव्यानं पसरलेली, ९ आहे का ४ आहे वाचता येईना. फोन केला तर म्हणाले, "सर, जिवंत माल आहे, गॅरंटी नसते." जिवंत माल आहे म्हणूनच तर तारीख शाईत छापा म्हणतोय मी! एक स्टार इथंच गेला. नंतर बदलून दिलं, निम्म्या पैशात, ते खरं, पण १० दिवस गेले ते गेले.

१० दिवस म्हणजे काय ते खोडकिड्याच्या हिशोबात बघा. त्याची मादी पानाच्या खालच्या बाजूला खवल्यासारखी एकावर एक चपटी अंडी घालते आणि चारसहा दिवसांत अळी बाहेर. अळी एकदा कोंबात शिरली की ट्रायकोग्रामाच्या हातातून विषय गेला, ती फक्त अंड्याची गिऱ्हाईक आहे. म्हणून पोंगे मेलेले दिसायला लागल्यावर कार्ड आणणारे जे म्हणतात ना की काही फरक पडला नाही, त्यांचं बरोबरच आहे, पडणारच नाही.

दुसऱ्या वेळेला मी स्वतः मोटरसायकलवर गेलो, सकाळी सकाळी, ताकाच्या बाटल्या ठेवायच्या थर्मासच्या डब्यात घालून आणलं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी आणि मामांनी पट्ट्या कापल्या आणि पानाच्या खालच्या अंगाला स्टेपलरनं लावत गेलो. खालच्या अंगाला का, तर ऊन आणि वळीव. आणि मुंग्या. मुंग्यांचं कुणी सांगत नाही. पहिल्या रात्री बांधाकडच्या चार पट्ट्या मुंग्यांनी साफ केल्या, सकाळी नुसता कागद, मामा पोट धरून हसत होते, म्हणाले मुंग्यांना बुंदी वाटली तुम्ही. मग बांधाची कड सोडून आत लावायला लागलो.

फरक किती पडला? मी पाच सऱ्या मुद्दाम बिनकार्डाच्या ठेवल्या होत्या. मे महिन्यात मोजलं तर तिथल्या एका सरीत ११ पोंगे मेलेले आणि कार्डवाल्या सरीत ५. आता ह्याला कुणी प्रयोग म्हणू नये, मला पण कळतंय, माशी काय सरीचा बांध बघून थांबत नाही आणि एकेक सरी मोजून काही सिद्ध होत नसतं. पण मला पुरेसं वाटलं. खर्च दोन फवारण्यांपेक्षा कमी आला, पहिला वाया गेलेला लॉट धरूनसुद्धा. मजुरी मात्र धरा, एकराला दोन माणसांची एक संध्याकाळ जातेच.

आता तो वरचा अर्धा स्टार.

कार्ड लावलं की आधी-नंतर आठवडाभर तरी औषध मारायचं नाही ही अट असतीय, नाहीतर आपणच आणलेल्या माश्या आपणच मारणार. मी तर दोन महिने पंपाला हात लावला नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला एक मेलेला कोंब चिरला तर आत अळी, मळकट पांढरी, पाठीवर पाच जांभळ्या रेघा, डोकं तपकिरी, चांगली गलेलठ्ठ आणि जिवंत. डोकंच फिरलं. आण्णा बांधावर उभा होता, तो म्हणाला, "बघ, तुझी कार्डं खाऊन जाड झालीया. आता तरी मार औषध." पंप काढलासुद्धा होता. पण म्हटलं थांब, आधी हिला नेऊन बघू, आणि आईची लोणच्याची लहान बरणी घेतली, आत उसाचे कोवळे तुकडे, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं. आई अजून बोलते त्याबद्दल.

चार दिवस अळी खात होती. रोज तुकडा पोखरायची, भुसा बाहेर. पाचव्या दिवशी भुसा बंद. ताजा तुकडा घातला तरी तोंड लावेना, मेलीय म्हणावं तर काडीनं डिवचल्यावर हलायची. सहाव्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, त्याच्यात साबुदाणा कुणी घातला?" बघतो तर अळीच्या अंगाला लागून पांढऱ्याशुभ्र कोशांचा घोस, एकेक कोश तांदळाच्या कणीएवढा, रेशमी, मोजले तर ३४. अळी अजून थोडी थोडी हलत होती, संध्याकाळपर्यंत थंड पडली. आठवड्याच्या आत त्या कोशांतून बारीक काळ्या माश्या निघाल्या. कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमना फोटो पाठवला, त्यांचा एका शब्दात रिप्लाय, "कोटेशिया." ही पण एक बारीक गांधीलमाशीच, पण अंड्यात नव्हे, अळीच्या अंगात वाढणारी. मी विकत आणलेली नव्हती, कार्डावर पण नव्हती, रानातच होती, औषध मारलं नाही म्हणून टिकली एवढंच.

मग मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो, कारण माझा प्रश्न साधा होता, ही अळी चार दिवस जे खात होती ते कुणासाठी?

अळीच्या पोटात मेदपिंड म्हणून एक अवयव असतोय, आपल्याकडं जे काम लिव्हर आणि चरबी मिळून करतात ते किड्यात तो एकटा करतो. खाल्लेल्यातून तो साखर बनवून रक्तात सोडतो. आपल्या रक्तात ग्लुकोज फिरतं, किड्याच्या रक्तात ट्रेहॅलोज, म्हणजे दोन ग्लुकोज जोडून झालेली साखर. उसाच्या साखरेत एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज असतंय, तर ही तिची चुलत बहीण समजा. थोडक्यात अळी म्हणजे चालताफिरता साखर कारखाना. आणि कोटेशिया काय करते, तर कारखाना बंद पाडत नाही, चेअरमन बदलते. कामगार तेच, गाळप चालू, भोंगा वेळेवर, फक्त साखर कुणाच्या गोडाऊनला जातीय ते बदललेलं असतं. आपल्या भागातल्या सभासदांना हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

बदलते कशी ते तर अजून भारी. माशी उसाच्या भोकातून आत शिरते, अळी चावायला येते, त्यात बऱ्याच माश्या मरतात, पण जी पोचते ती एका टोच्यात तीसचाळीस अंडी घालते आणि अंड्यांबरोबर एक व्हायरस सोडते. हा व्हायरस तिला झालेला रोग नव्हे, तो तिच्या स्वतःच्या जनुकांतच लिहिलेला आहे, तिच्या अंडाशयात तयार होतो. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी तिच्या कुठल्यातरी पूर्वजाला लागण झाली ती घरचीच होऊन गेली. अळीच्या अंगात गेल्यावर तो आपली संख्या वाढवत नाही, फक्त अळीच्या पेशींकडून आपली कामं करून घेतो. पहिलं काम, अळीची प्रतिकारशक्ती झोपवणे, नाहीतर अळीच्या रक्तपेशी त्या अंड्यांभोवती गराडा घालून त्यांना गुदमरवून मारतात. शिवाय अंडी फुटली की अंड्याच्या आवरणाच्या पेशी सुट्या होऊन अळीच्या रक्तात तरंगायला लागतात, ह्या पेशी विभागत नाहीत, नुसत्या फुगत जातात, रस सोडतात, मेदपिंड मऊ करून आतल्या पिल्लांच्या तोंडाशी आणतात. टेराटोसाईट म्हणतात त्यांना, नाव परीक्षेत यायचं तेव्हा पाठ केलं होतं, अर्थ आत्ता कळला.

ह्यातली पक्की मोजमापं आमच्या खोडकिड्यावरची नाहीत, अमेरिकेत तंबाखूवर एक बोटाएवढी जाड हिरवी अळी येते तिच्यावरची आहेत, तिच्यात पण कोटेशियाचीच एक जात वाढते. (तंबाखूच निघाली शेवटी, आज्जा असता तर खूश झाला असता.) त्या अळीत बघितलं गेलंय की साधी अळी खाण्यात साखर कमी पडली तरच प्रथिनांपासून साखर बनवायला घेते, पण पोटात कोटेशिया असली की ते काम खाण्यात साखर असो नसो चालूच राहतं. म्हणजे स्वतःच्या अंगाला लागायचं प्रथिन मोडून रक्तातली साखर भरती ठेवायची, आतल्यांना कमी पडायला नको. आणि अळीचं वय पण अडवून धरतात. अळीला कोषात जायचं असेल तर अंगातलं ज्युव्हेनाईल हार्मोन उतरावं लागतं, ह्या अळीत ते उतरूच देत नाहीत, त्यामुळं पोर काही मोठं होत नाही, नुसतं खात बसतं. मग पिल्लं बाहेर पडायच्या सुमाराला अळीची भूकच मारून टाकतात, तिच्या रक्तात ऑक्टोपामिन नावाचं रसायन वाढतं आणि ती तोंड बंद करून बसते. नाहीतर स्वतःच्या पाठीवरचे कोश तिनं पानाबरोबर चावले असते. माझ्या बरणीत पाचव्या दिवशी भुसा बंद झाला तो ह्यामुळंच का ते मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, जात वेगळी आहे, पण दिसलं तर अगदी तसंच.

एक गोष्ट वाचून तर मी उठून बसलो. ह्या परजीवी माश्यांपैकी बऱ्याच जातींच्या अंगात मोठेपणी चरबी वाढतच नाही, साखर कितीही चाटली तरी. २०१० साली ह्यावर मोठा अभ्यास आला, वेगवेगळ्या घराण्यांतल्या परजीवी किड्यांनी चरबी बनवायची कला वेगवेगळी गमावलीय असं त्यात म्हटलंय. का गमावली असेल, तर लहानपणी यजमानाच्या अंगातून चरबी आयती मिळते म्हणून. काही जाती तर आयती वाढवून घेतात, मांसावरच्या माशीच्या कोषाला टोचणारी नॅसोनिया नावाची एक आहे, तिच्या विषानं त्या कोषाची वाढ थांबते, श्वास मंदावतो आणि अंगातली चरबी चढते. ताट वाढून ठेवल्यासारखं. आणि झुरळाला पकडणारी ती हिरवी चमकणारी गांधीलमाशी ऐकली असेल, मेंदूत टोचून झुरळाला मिशीला धरून बिळात नेते, त्या झुरळाचं मोजलं तर टोचल्यावर त्याचा ऑक्सिजन कमी लागतो आणि अंगातलं पाणी पण कमी उडतं, म्हणजे खायला घेईपर्यंत माल ताजा. फ्रिजचा शोध कुणी लावला म्हणे?

ट्रायकोग्रामाचा कारभार ह्या सगळ्यापुढं सरळसोट, अंड्यात गर्भाची वाढ थांबवली, होतं ते पिलं, विषय संपला. त्यात चेअरमन वगैरे नाही, थेट लिलाव. पण शेतकऱ्याला तेच सोपं पडतं कारण नुकसान सुरू व्हायच्या आधीच संपतं, कोटेशियाची अळी मात्र मरेपर्यंत तुमचा ऊस खातच असते. म्हणून कोंब चिरल्यावर जिवंत अळी दिसली की लगेच पंप काढू नका, दोनचार अळ्या बरणीत ठेवा, आठवडाभर बघा. मी त्या दिवशी आण्णाचं ऐकलं असतं तर ३४च्या ३४ गेल्या असत्या, आणि रानात अजून किती होत्या कुणास ठाऊक.

मग कार्डाला अर्धा स्टार का वाढवला, कोटेशिया तर फुकट आली? तर कार्डामुळं पंप बंद राहिला म्हणून. आणि पाच का दिले नाहीत म्हणाल तर तारीख, पॅकिंग, आणि माहितीचा कागद. पाकिटातला कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये, कन्नड मामांनी वाचून दाखवला, पण त्यात सुद्धा फक्त "पानाला लावा" एवढंच. मुंग्यांचं नाही, काळ्या-पांढऱ्याचं नाही, अंड्यावरच चालतं अळीवर नाही हे तर कुठंच नाही. ते एक वाक्य असतं तर निम्म्या लोकांच्या शिव्या वाचल्या असत्या. आमच्याकडं २००२ नंतर पांढरा लोकरी मावा आला होता तेव्हा मित्रकिडीवर लोकांचा विश्वास बसला होता, मावा खाणाऱ्या डिफा नावाच्या मित्रकिडीच्या अळ्या असलेली पानं लोक एकमेकांच्या रानात नेऊन ठेवायचे, तेव्हा कुठला आला होता कागद, तोंडानंच पसरलं. आता विकत मिळतंय तर सांगून तरी विका.

लगेच लावायला जमणार नसेल तर कार्ड फ्रिजमध्ये खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, ५ ते १० डिग्रीला, फ्रीझरमध्ये घालू नका. घरात आधी सांगून ठेवा. आमच्यात बहिणीनं मसाल्याची पुडी समजून उघडली होती.

पुढच्या लागणीला परत घेणार, त्याच लॅबमधून, स्वतः जाऊन. बरणी घासून, उकळून, दोन दिवस उन्हात ठेवून आईला परत दिली, तिनं घेतली नाही. म्हणाली तुझ्या अळ्यांनाच ठेव. आता ती फळीवर आहे, फडकं बांधलेलं, आणि काल आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसात सापडलेली अजून एक अळी आत आहे. भुसा चालू आहे अजून.